संत गोन्सालो गार्सिया : नकारातून पाचारणाकडे



फेब्रुवारी महिना आला की वसईच्या ख्रिस्ती माणसाला संत गोन्सालो गार्सिया यांची आठवण होते. ६ फेब्रुवारीला जगभरची ख्रिस्तसभा संत पॉल मिकी व त्यांच्या सोबत्यांचा सण साजरा करते. त्या २६ हुतात्म्यांपैकी एक आपल्या वसईचा सुपुत्र. त्यांच्या नावाचे चर्च गास येथे आहे, महाविद्यालय वसईत आहे. त्यांच्या क्रूसाविषयी आणि भाल्याच्या घावांविषयी आपण प्रवचनांतून पुष्कळ ऐकले आहे. त्यांच्या आयुष्यातली काही वर्षे मात्र आपण सहसा एका वाक्यात उरकून टाकतो. ती वर्षे नकाराची होती. आज आम्ही त्याच वर्षांविषयी लिहीत आहोत, कारण पाचारणाचा विचार करणाऱ्या तरुणाला आणि त्याच्या आईवडिलांना त्यांतून शिकण्यासारखे खूप आहे.

गोन्सालोचा जन्म सुमारे १५५७ साली वसईत झाला. वडील पोर्तुगीज, आई इथल्याच मातीतली. वसई १५३४ पासून पोर्तुगिजांच्या ताब्यात होती. किल्ल्यात फ्रान्सिस्कन धर्मगुरू होते, येशूसंघीयही होते. दोघांच्या चर्चच्या भग्न भिंती आजही तिथे उभ्या आहेत. गोन्सालोचे शिक्षण येशूसंघीयांकडे झाले. त्यांच्या सहवासात त्याच्या मनात त्यांच्यासारखे होण्याची ओढ निर्माण झाली आणि वयाच्या सुमारे पंधराव्या वर्षी तो त्यांच्याबरोबर जपानला निघाला.

त्या काळी हा प्रवास मान्सूनच्या वाऱ्यांवर, बंदराबंदरांत मुक्काम करीत होत असे. घर सोडलेल्या मुलाला आपल्या माणसांचे तोंड पुन्हा दिसेल याची खात्री नसे. गोन्सालो जपानला पोचला, तिथली अवघड भाषा शिकला आणि इतकी चांगली शिकला की तो लोकांशी सहज बोलू लागला. सुमारे आठ वर्षे त्याने धर्मशिक्षक म्हणून काम केले. मुलांना गोळा करणे, प्रार्थना शिकवणे, बाप्तिस्म्यासाठी माणसे तयार करणे ही सेवा तो मनापासून करीत होता. येशूसंघात प्रवेश मिळावा एवढीच त्याची इच्छा होती.

ती इच्छा पूर्ण झाली नाही. त्याला संघात घेण्यात आले नाही.

बंधुभगिनींनो, येथे क्षणभर थांबू या. पंचविशीच्या आतबाहेरचा तरुण. आईवडील हजारो कोस दूर. ज्या आशेवर घर सोडले ती आशा मावळलेली. आपल्या धर्मग्रामात असा तरुण परत आला असता तर आपण काय बोललो असतो? सेमिनरीतून परतलेल्या मुलाविषयी गावात काय काय बोलले जाते, हे आम्हांला ठाऊक आहे. त्याने काय केले असेल, त्याला का काढले असेल, घरच्यांनी एवढा गाजावाजा कशाला केला होता, अशी कुजबुज चालते. घरचे लोक लग्नाकार्याला जायला संकोचतात. मुलगा रविवारच्या मिस्साला शेवटच्या बाकावर बसू लागतो आणि पुढे तोही बसेनासा होतो. आपल्या बोलण्याने आपण किती पाचारणे जखमी केली असतील, याचा प्रत्येकाने विचार करावा.

गोन्सालो खचून बसला नाही. त्याने येशूसंघीयांचे घर सोडले आणि व्यापार सुरू केला. भाषा येत होती, माणसे ओळखीची होती, अंगी सचोटी होती. धंद्याचा जम बसला, हाती पैसा आला. व्यापारात मोठेपण मिळवून तो सुखाने राहू शकला असता आणि त्यात काही पापही नव्हते. परंतु यश मिळूनही ती जुनी ओढ गेली नाही. व्यापारानिमित्त फिलिपाईन्समधील मनिला शहरात जाणेयेणे होते. तेथे त्याचा फ्रान्सिस्कन संन्याशांशी संबंध आला. त्यांचे दारिद्र्य, त्यांची साधी राहणी पाहून त्याने पुन्हा एकदा दार ठोठावले. या वेळी ते उघडले. १५८७ साली, वयाच्या तिशीत, त्याने व्यापार सोडून फ्रान्सिस्कनांचा झगा अंगावर घेतला.

त्याच वर्षी जपानचा सत्ताधीश हिदेयोशी याने मिशनऱ्यांनी देश सोडून जावे असा हुकूम काढला. ज्या देशात गोन्सालोने तारुण्य वेचले होते, त्या देशाचे दार बंद होत होते.

ते धर्मगुरू झाले नाहीत. व्रतस्थ ब्रदर म्हणून राहिले, आणि अखेरपर्यंत ब्रदरच राहिले. हा मुद्दा आम्ही मुद्दाम मांडतो. पाचारण म्हणजे फादर होणे आणि ब्रदर म्हणजे फादर होऊ न शकलेला माणूस, अशी समजूत आपल्यात अजून आहे. ती चुकीची आहे. ब्रदरचे पाचारण हे स्वतंत्र आणि परिपूर्ण पाचारण आहे. भारतभूमीत जन्मलेल्या पहिल्या संताने कधीही मिस्सा अर्पण केली नव्हती, हे आपण लक्षात ठेवू या.

१५९३ साली फिलिपाईन्सच्या गव्हर्नरने फादर पीटर बॅप्टिस्ट यांना वकील म्हणून हिदेयोशीकडे पाठवले. फादरांना जपानी भाषा येत नव्हती. दुभाषा म्हणून बरोबर कोण गेले? ब्रदर गोन्सालो. सत्ताधीशासमोर उभे राहून बोलायचे काम त्यांच्याकडे आले. जी आठ वर्षे वाया गेली असे कोणालाही वाटले असते, त्याच वर्षांत शिकलेली भाषा आता कामी आली. फ्रान्सिस्कनांना क्योटो येथे राहण्यास जागा मिळाली. तेथे त्यांनी चर्च बांधले आणि कुष्ठरोग्यांसाठी रुग्णालय चालवले.

१५९६ च्या ऑक्टोबरमध्ये सान फेलिपे नावाचे स्पॅनिश जहाज वादळात सापडून जपानच्या किनाऱ्याला लागले. त्यावरच्या मालावरून तंटा झाला, स्पेनच्या हेतूंविषयी संशय वाढला आणि त्याचा राग मिशनऱ्यांवर निघाला. डिसेंबरमध्ये अटक झाली. जानेवारी १५९७ मध्ये क्योटोत कैद्यांच्या डाव्या कानाचा भाग कापून त्यांची धिंड काढण्यात आली. मग ऐन हिवाळ्यात सुमारे महिनाभर त्यांना नागासाकीपर्यंत नेण्यात आले. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी तेथील टेकडीवर २६ जणांना क्रूसावर बांधून भाल्यांनी भोसकण्यात आले. त्यांत ६ फ्रान्सिस्कन मिशनरी, ३ जपानी येशूसंघीय आणि १७ जपानी प्रापंचिक होते. सर्वांत लहान मुलगा १२ वर्षांचा होता.

त्या तीन येशूसंघीयांपैकी दोघे, १९ वर्षांचा जॉन आणि ६४ वर्षांचे जेम्स, यांना मरणाच्या अगदी आधी संघात घेण्यात आले. हेही अनेक वर्षे संघाची सेवा करणारे होते. जे दार गोन्सालोसाठी उघडले नव्हते, ते त्यांच्या शेजारच्या क्रूसांवरील सोबत्यांसाठी शेवटच्या घटकेला उघडले. गोन्सालो मात्र फ्रान्सिस्कन म्हणून मेले. टेकडीवर मात्र दोन्ही संघांचे क्रूस एकाच रांगेत होते. १६२७ मध्ये त्यांना धन्य घोषित करण्यात आले आणि ८ जून १८६२ रोजी पोप नववे पायस यांनी त्यांना संतपद बहाल केले.

तत्त्वज्ञानात साध्य आणि साधन असा भेद करतात. गोन्सालोंचे साध्य होते आपले जीवन देवाला देणे. येशूसंघ हे साधन होते. त्यांना नकार मिळाला तो साधनाला. साध्याला कोणीही नकार दिला नव्हता, आणि त्यांनी ते सोडले नाही. युवकांनो, सगळी गोम येथे आहे. एखादा संघ मिळाला नाही म्हणून देवानेच मला नाकारले असे समजू नका. आणि एक संघ मनात भरला म्हणून तोच देवाची इच्छा असेही धरून चालू नका.

पाचारण पारखायला वेळ लागतो. म्हणूनच ख्रिस्तसभेने कायद्याने वेळ ठेवला आहे. सतरा वर्षे पूर्ण झाल्याखेरीज नवशिष्य म्हणून प्रवेश नाही. नवशिष्यकाल किमान बारा महिन्यांचा. त्यानंतरची पहिली व्रते तात्पुरती, निदान तीन वर्षांची. त्यानंतरच आजन्म व्रते. या सर्व काळात तरुण संघाला पारखतो आणि संघ तरुणाला. दोघांनी होकार दिला तरच पुढे जायचे. दोघांपैकी एकाने नाही म्हटले तर तो कलंक नव्हे. पारख झाली, एवढाच त्याचा अर्थ.

तुमच्या मनात ओढ असेल तर प्रथम रोज थोडा वेळ शांत बसून प्रार्थना करा. चार दिवसांची हौस आणि वर्षभर टिकणारी ओढ यांतला फरक ओळखा. गोन्सालोंची ओढ व्यापाराच्या भरभराटीतही टिकली, हीच तिची खूण होती. एखाद्या अनुभवी धर्मगुरूशी किंवा धर्मभगिनीशी मोकळेपणाने बोला. आमच्या घराचे दारही उघडे आहे. आणि आईवडिलांनो, मुलाला ढकलू नका, अडवूही नका. तो गेला तर आशीर्वाद द्या. परत आला तर अधिक प्रेमाने घरात घ्या. पुढे त्याला कोठे पाठवायचे आहे, हे त्याच्या पाठवणाऱ्याला ठाऊक आहे.

या रविवारी आपल्या धर्मग्रामातील पाचारणाच्या शोधात असलेल्या, आणि ज्यांना एकदा नकार मिळाला आहे अशा सर्व तरुणांसाठी प्रार्थना करू या.

संत गोन्सालो गार्सिया, आम्हांसाठी विनंती कर.