सावित्रीबाई फुले : भिडे वाड्यापासून ससाणे मळ्यापर्यंत

दरवर्षी ३ जानेवारीला शाळाशाळांतून सावित्रीबाईंच्या प्रतिमेला हार घातला जातो आणि विद्यार्थिनी भाषणे करतात. त्या भाषणांत दोन चित्रे हमखास येतात. पहिल्यात शेणमातीचे गोळे झेलत शाळेकडे निघालेली तरुण शिक्षिका असते, तर दुसऱ्यात प्लेगने तापलेले मूल पाठीवर घेऊन चालणारी वृद्धा. या दोन चित्रांच्या मध्ये एकोणपन्नास वर्षे आहेत. ती वगळली की शेवटचे चित्र चमत्कारासारखे भासू लागते, आणि चमत्कार करणाऱ्या माणसांना संरक्षणाची गरज नसते असे मानणे समाजाला नेहमीच सोयीचे ठरते.

सावित्रीबाईंचा जन्म ३ जानेवारी १८३१ रोजी सातारा जिल्ह्यातील नायगाव येथे झाला. वडील खंडोजी नेवसे पाटील, आई लक्ष्मीबाई. वयाच्या नवव्या वर्षी, १८४० मध्ये, पुण्याच्या जोतीराव फुल्यांशी त्यांचा विवाह झाला. त्यांना अक्षरओळख झाली ती लग्नानंतर. जोतीरावांनी घरी शिकवले, पुढे अध्यापनाचे रीतसर प्रशिक्षणही त्यांनी घेतले. ही बाब अनेकदा ओझरती सांगितली जाते. तिला खरे तर अधिक महत्त्व आहे. सावित्रीबाई उत्साहाच्या भरात वर्गात शिरलेल्या नव्हत्या. शिकवणे ही शिकून घ्यावयाची विद्या आहे, हे जाणून त्या तयार झाल्या होत्या.

१८४८ मध्ये पुण्याच्या बुधवार पेठेतील भिडे वाड्यात मुलींची शाळा सुरू झाली, तेव्हा त्यांचे वय सतरा वर्षांचे होते. रस्त्याने जाता-येता लोक अंगावर शेण, चिखल, खडे फेकीत. यावर त्यांनी केलेला उपाय साधा होता. त्या एक जादा लुगडे बरोबर नेत, शाळेत पोहोचल्यावर मळलेले बदलून वर्गात उभ्या राहत आणि परतताना पुन्हा मळकेच नेसत. पुढे त्यांच्या सोबतीला शिपाई देण्यात आला. या प्रसंगात लोकांना धैर्य दिसते, आणि ते होतेच. परंतु त्यात व्यवस्थापनही आहे. घरून शाळेपर्यंतचा रस्ता धोक्याचा आहे हे त्यांनी नाकारले नाही आणि धोका आहे म्हणून शाळा बंदही ठेवली नाही. धोका गृहीत धरून त्यांनी त्याची तजवीज केली. कामाच्या जागी सुरक्षितपणे पोहोचता यावे, ही शिक्षिकेची पहिली गरज त्यांना स्वतःच्या पदरानेच भागवावी लागली, ही त्या काळाची नामुष्की होय.

१८४९ मध्ये वडीलधाऱ्यांचा रोष ओढवून या दांपत्याला राहते घर सोडावे लागले. तरीही शाळा वाढत गेल्या. १६ नोव्हेंबर १८५२ रोजी विश्रामबाग वाड्यात जोतीरावांचा सरकारतर्फे सत्कार झाला. १८५४ मध्ये सावित्रीबाईंचा काव्यफुले हा संग्रह प्रसिद्ध झाला. १८६३ मध्ये फसवल्या गेलेल्या विधवांसाठी त्यांच्याच घरी बालहत्या प्रतिबंधक गृह निघाले. तेथे येणाऱ्या स्त्रियांची बाळंतपणे आणि नवजात अर्भकांची जोपासना सावित्रीबाईंच्या हातून होत असे. काशीबाई नावाच्या अशाच एका विधवेचा मुलगा त्यांनी दत्तक घेतला आणि त्याला डॉक्टर केले. हे डॉक्टर यशवंत फुले या चरित्राच्या अखेरीस महत्त्वाचे ठरतात.

शिक्षकांच्या स्थितीविषयी फुले दांपत्याचे विचार केवळ आदर्शाचे नव्हते, हिशेबाचेही होते. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे जोतीरावांनी जे निवेदन सादर केले, त्यात प्राथमिक शिक्षक प्रशिक्षित असावा आणि त्याचे वेतन दरमहा बारा रुपयांपेक्षा कमी नसावे, मोठ्या गावांत ते पंधरा किंवा वीस रुपये असावे, अशी मागणी केली. गावचे हिशेब तपासणे, दस्त नोंदणे, टपाल सांभाळणे अशी कामे शिक्षकाला द्यावीत, असेही त्यांनी सुचवले. त्यामागचा हेतू मात्र शिक्षकाची गावातली प्रतिष्ठा वाढावी असा होता. आज जादा कामांच्या याद्या हाती पडल्यावर शिक्षक जे नि:श्वास सोडतात, ते ऐकून जोतीरावांना काय वाटले असते याची कल्पनाच केलेली बरी.

संकटात काम कसे उभे करावे, याचा मोठा अनुभव सावित्रीबाईंनी १८७६-७७ च्या दुष्काळात घेतला. सत्यशोधक समाजाची स्थापना १८७३ मध्ये झाली होती. त्या समाजाच्या कार्यकर्त्यांच्या साहाय्याने ठिकठिकाणी अन्नछत्रे निघाली, आणि दुष्काळाने पोरक्या झालेल्या मुलांसाठी धनकवडीला बालाश्रम चालवला गेला. २० एप्रिल १८७७ रोजी जुन्नर भागातील ओतूरहून सावित्रीबाईंनी जोतीरावांना लिहिलेले पत्र उपलब्ध आहे. त्यात दुष्काळाचे वर्णन आहे, तसेच अटक झालेल्या कार्यकर्त्यांना सोडवण्यासाठी त्यांनी कलेक्टरची घेतलेली भेटही आहे. उपाशी माणसांना जेवू घालायचे आणि त्याच वेळी जेवू घालणाऱ्यांचाही बचाव करायचा, ही दुहेरी जबाबदारी त्यांनी उचलली होती. सेवा करणाऱ्यांना कुणीतरी सांभाळावे लागते, ही गोष्ट त्यांच्या लक्षात होती. पुष्कळ थोर समाजसेवकांच्या ती लक्षात नसते.

२८ नोव्हेंबर १८९० रोजी जोतीरावांचे निधन झाले. अंत्ययात्रेत टिटवे धरण्यावरून भाऊबंदांनी वाद घातला, तेव्हा सावित्रीबाईंनी स्वतः पुढे होऊन ते हाती घेतले. त्यानंतर सत्यशोधक समाजाची धुरा त्यांच्याकडे आली आणि १८९३ मध्ये सासवड येथील परिषदेचे अध्यक्षस्थान त्यांनी भूषविले.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी गाठीच्या तापाचे निदान केले. त्या काळी मराठी वृत्तपत्रे या रोगाला ग्रंथिक सन्निपात म्हणत. लोकांच्या तोंडी प्लेग हाच शब्द रुळला. काखेत किंवा जांघेत गाठ, तीव्र ज्वर आणि थोड्याच दिवसांत मृत्यू. मुंबईतून लाखो माणसे गावाकडे पळाली. त्या पळापळीत शहर उभे कुणावर आहे, हे एकाएकी उघडे पडले. सफाई कामगार निघून गेले तर शहर कुजेल, या भीतीने प्रशासनाला सक्तीच्या विलगीकरणाचे नियम सौम्य करावे लागले. कामगार टिकावेत म्हणून गिरण्यांना रोजची मजुरी रोजच्या रोज द्यावी लागली. ज्यांचा एरवी कुणी विचार करीत नसे, त्यांच्या भीतीची दखल घेणे पहिल्यांदाच भाग पडले, आणि तेही त्यांच्या जिवासाठी नव्हे, शहराच्या सोयीसाठी. कामगारांचे पुढारी आणि जोतीरावांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे मुंबईत प्लेगग्रस्तांसाठी काम करताना ९ फेब्रुवारी १८९७ रोजी त्याच रोगाने गेले.

त्याच महिन्याच्या ४ तारखेला साथरोग कायदा संमत झाला. चार कलमांचा हा छोटा कायदा सरकारला फार मोठे अधिकार देणारा होता. सद्हेतूने काम करणाऱ्या अंमलदारावर दावा लावता येणार नाही, असे संरक्षण त्यात होते. रुग्णाला उचलणाऱ्याचे, त्याची वस्त्रे जाळणाऱ्याचे, त्याच्या उशाशी बसणाऱ्याचे काय, यावर त्यात एक शब्दही नव्हता. हाच कायदा २०२० मध्ये कोरोनाच्या साथीत पुन्हा उपयोगात आणला गेला. त्या काळात अनेक राज्यांत शिक्षकांना घरोघरच्या सर्वेक्षणाला, नाक्यांवर, धान्य दुकानांवर पाठवण्यात आले. मुखपट्टी, हातमोजे, जंतुनाशक यांची व्यवस्था पुष्कळ ठिकाणी ज्याची त्याने करायची होती. एप्रिल २०२१ मध्ये उत्तर प्रदेशात पंचायत निवडणुका झाल्या. त्या कामानंतर १,६२१ शिक्षक व शालेय कर्मचारी दगावल्याची यादी शिक्षक संघटनेने दिली. शिक्षण खात्याने नियमाच्या चौकटीत बसणारे मृत्यू प्रथम तीनच मानले. पुढे ओरड झाल्यावर निकष बदलले गेले. त्या दोन आकड्यांमधले अंतर ज्या घरांत उतरले, तेथील माणसांना सावित्रीबाईंच्या त्यागाचा दाखला देऊन गप्प करणे म्हणजे सावित्रीबाईंचाच गैरवापर होय. १८९७ मध्ये त्यांना कुणी हुकूम दिलेला नव्हता. त्या स्वतःच्या निर्णयाने गेल्या, आणि जाताना तयारीनिशी गेल्या.

ती तयारी कशी होती ते पाहण्यासारखे आहे. १८९७ च्या आरंभी पुण्यात प्लेग फैलावला. सावित्रीबाईंचे वय तेव्हा सहासष्ट वर्षांचे होते. यशवंतराव लष्करी सेवेत डॉक्टर होते. त्यांना रजा काढून यायला लावून सावित्रीबाईंनी पुण्याबाहेर, हडपसरच्या बाजूच्या ससाणे मळ्यात दवाखाना उघडला. ससाणे हे यशवंतरावांच्या सासुरवाडीचे घराणे. जागेची निवड नीट पाहिली तर तिच्यातला विचार कळतो. पेठांतली दाटी, सांडपाणी, अंधाऱ्या खोल्या यांपासून दूर, मोकळ्या हवेचे ठिकाण. हाताशी शिकलेला डॉक्टर. आणि आपल्या माणसांची जमीन. ज्या वस्त्यांतील रुग्णांना कुठेही दारात घेतले जात नसे, त्यांना येथे घेतले जाई.

सरकारी बंदोबस्ताची तऱ्हा वेगळी होती. रँड यांच्या अध्यक्षतेखालील प्लेग समितीने सोजिरांच्या तुकड्यांकरवी घरझडत्या घेतल्या. झडत्यांत माजघरे, देवघरे धुंडाळली गेली, सामान फेकले गेले, बायकामाणसांची मानखंडना झाली. परिणामी लोक रोगी लपवू लागले. त्या संतापातून २२ जून १८९७ रोजी रँड यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. झडत्यांचे ते सत्र १३ मार्चला सुरू झाले. तोवर ससाणे मळ्यातील दवाखान्याची चालक या जगात नव्हती. माणसे ज्या दवाखान्याला भीत होती आणि ज्या दवाखान्यात आपले मूल विश्वासाने देत होती, ते दोन्ही एकाच शहराच्या हद्दीवर, एकाच वसंतात होते.

मुंढव्याच्या महारवाड्यातील पांडुरंग बाबाजी गायकवाड या मुलाला प्लेग झाल्याचे सावित्रीबाईंना कळले. त्या स्वतः तेथे गेल्या, मुलाला पाठीवर घेतले आणि दवाखान्यात आणले. मुलगा वाचला. सावित्रीबाईंना लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांनी देह ठेवला.

त्यांची तयारी कोठे अपुरी पडली, हे त्या वेळी कोणत्याच डॉक्टरला सांगता आले नसते. प्लेगचे जंतू १८९४ मध्ये हाँगकाँगला सापडले होते. पण ते उंदरावरच्या पिसवांतून माणसात येतात, हे सीमाँ या फ्रेंच संशोधकाने कराचीत दाखवले ते १८९८ मध्ये. मुलाच्या अंगावरच्या कपड्यांतच मृत्यू दडलेला असू शकतो, हे ज्ञान एक वर्ष उशिरा आले. हाफकिन यांनी मुंबईत तयार केलेली लस १० जानेवारी १८९७ रोजी स्वतःला टोचून घेतली होती, तथापि ती तेव्हा प्रयोगाच्याच अवस्थेत होती. मोकळी जागा आणि स्वच्छता हे त्या वेळच्या ज्ञानाने सुचवलेले उपाय सावित्रीबाईंनी योजले होते. उपलब्ध असलेली साधने न देणे आणि साधने अस्तित्वातच नसणे यांत फार मोठा फरक आहे.

यशवंतराव आईच्या मृत्यूनंतर नोकरीवर परतले. काही वर्षांनी ते पुन्हा पुण्यात आले. प्लेग अजून ओसरला नव्हता; तो दर हंगामाला उलटून येत होता. यशवंतरावांनी दवाखाना पुन्हा सुरू केला, आणि १९०५ मध्ये रुग्णांची शुश्रूषा करता करता त्यांनाही त्याच रोगाने गाठले. पहिली पत्नी राधाबाई सावित्रीबाईंच्या हयातीतच वारल्या होत्या. दुसऱ्या पत्नी चंद्रभागाबाई आणि लहान मुलगी मागे राहिल्या. त्या घराने समाजाला दिलेल्या दोन जिवांचा हिशेब कुणी ठेवला नाही, आणि चंद्रभागाबाईंचे पुढचे आयुष्य पुण्यात अतिशय हलाखीत गेले.