गळक्या सांध्यापाशी वाढलेले झाड

वैशाख लागला की आमच्या घरी तुळशीवर गळती टांगली जायची. मातीचे छोटे मडके, त्याच्या बुडाला भोक, भोकात कापडाची घट्ट वात आणि त्या वातीतून दिवसभर टपकणारे थेंब. शंकराच्या पिंडीवरच्या अभिषेकपात्राचाच हा घरगुती अवतार. अंगणातली बाकीची झाडे दुपारी माना टाकत, तुळस मात्र तरतरीत असे. आजीच्या लेखी ते पुण्यकर्म होते. एका मडक्यात तुळस दिवस कसा काढते, हा हिशेब घरात कुणी मांडला नाही. मीही मांडला नाही.

तो प्रश्न माझ्यासमोर आला २०१३ च्या उन्हाळ्यात. माझ्या मावसभावाची जालना जिल्ह्यात मोसंबीची बाग आहे. २०१२ चा पाऊस दगा देऊन गेला होता, विहीर फेब्रुवारीतच तळाला गेली होती आणि आजूबाजूच्या शिवारांत वाळलेल्या बागांवर कुऱ्हाड चालू होती. एरवी ऐन उन्हाळ्यात भरल्या झाडाला रोजचे शंभर लिटर पाणी सहज लागते. टँकरच्या पाण्यात ते बसणे शक्यच नव्हते. फळाची आशा सोडून झाड तेवढे वाचवायचे, तर त्याला कमीत कमी किती पाणी लागेल, हे भाऊ रोज फोनवर विचारायचा. मी शेतीतला जाणकार नाही. पुस्तके चाळू लागलो आणि पाना-पानावर एकच नाव भेटू लागले, सिमखा ब्लास.

ब्लास १८९७ साली पोलंडमधल्या वॉर्सा शहरात एका धार्मिक ज्यू कुटुंबात जन्मला. मुलाचा ओढा मात्र यंत्रांकडे. शिक्षण इंजिनिअरिंगचे झाले, मध्ये युद्धाचा व्यत्यय आला आणि १९३० साली तो पॅलेस्टाइनमध्ये जाऊन राहिला. तेव्हा तिथे ब्रिटिशांचा अंमल होता. त्या कोरड्या मुलुखात जो पाणी शोधेल आणि वाहून नेईल, त्याला कामाची ददात नव्हती.

तिथे गेल्यावर थोड्याच काळात घडलेली एक गोष्ट त्याच्या प्रत्येक चरित्रात येते. एका शेतकऱ्याने त्याला आपल्या आवारातले एक झाड दाखवले. शेजारची झाडे बेताचीच, हे एकच भलतेच उंच आणि घनदाट. पाणी कुणी घालत नव्हते. जमीन वरून कोरडी दिसत होती. ब्लासने खणून पाहिले. जवळून गेलेल्या नळाचा एक सांधा किंचित गळत होता. वर बशीएवढा ओलावा, पण खाली तो कांद्यासारखा फुगत गेला होता आणि नेमका त्याच झाडाच्या मुळांशी पोचला होता. दुसरा कुणी असता तर प्लंबर बोलावून सांधा घट्ट करून घेतला असता. ब्लासच्या डोक्यात तो कांदा रुतून बसला. पण नुसता रुतून बसला. त्याचे काही करायला त्याला पुढे जवळजवळ पंचवीस-तीस वर्षे सवड झाली नाही.

कारण मधली सगळी वर्षे तो याच्या नेमके उलट काम करत होता. थेंबाचे नव्हे, लोंढ्याचे. १९३७ साली मेकोरोट ही पाणीपुरवठा कंपनी निघाली. तिच्या उभारणीत पुढे पंतप्रधान झालेले लेवी एश्कोल यांच्याबरोबर ब्लास होता. विहिरी, पंप, मोठमोठे नळ यांत तो बुडून गेला. १९४६ च्या ऑक्टोबरात नेगेव या वाळवंटी भागात एका रात्रीत अकरा ज्यू वसाहती उभ्या राहिल्या. त्यांना पाणी देण्याची योजना ब्लासची होती. महायुद्धात बॉम्बहल्ल्यांनंतरच्या आगी विझवण्यासाठी लंडनमध्ये टाकलेले पोलादी नळ युद्ध संपल्यावर स्वस्तात मिळाले आणि तेच नेगेवच्या वाळूत अंथरले गेले, असे सांगतात. इथे एक गोष्ट झाकून ठेवू नये. त्या काळात त्या भूमीवर नळ जिथवर पोचला तिथवर ताबा पोचत होता, आणि त्या ताब्याची किंमत तिथल्या अरबांनी मोजली. ब्लास कुशल इंजिनिअर होता, पण त्याचे नळ नुसते पाण्याचे नळ नव्हते. जॉर्डन नदीच्या पाण्यावरचा वाद आजही विझलेला नाही.

१९४८ साली इस्रायल स्थापन झाल्यावर पाण्याच्या कारभारात ब्लास हा मोठा माणूस होता. उत्तरेचे पाणी दक्षिणेला नेणाऱ्या राष्ट्रीय जलवाहिनीच्या सुरुवातीच्या आराखड्यांवर त्याचा हात फिरलेला आहे. पण ती बांधायची कुणी, यावरून खटका उडाला. काम आपल्या हातून जाते असे दिसताच त्याने १९५६ साली राजीनामा दिला. जलवाहिनी १९६४ साली वाहू लागली तेव्हा तो तिच्या कारभारात नव्हता. वाचताना मला वाटले, माणूस हट्टी असणार, सोबत काम करायला सोपा नसणार. पण हा खटका उडाला नसता तर तो गळका सांधा त्याला पुन्हा आठवला असता का, शंकाच आहे.

साठीकडे झुकलेला, सरकारी खुर्ची गमावलेला हा गृहस्थ मग मुलगा येशायाहू याला हाताशी धरून थेंबाच्या मागे लागला. तोवर बाजारात एक नवी वस्तू आली होती, स्वस्त प्लास्टिकची नळी. १९३० च्या दशकात लोखंडी नळाला भोके पाडून ही गोष्ट जमणारी नव्हती. प्लास्टिकमुळेही ती लगेच जमली असे नाही. नळीला बारीक भोक पाडले की पाण्यातला एखादा कण येऊन ते बुजवतो. भोक मोठे केले तर थेंबाची धार होते. ब्लासची हुशारी दिसते ती इथे. त्याने भोक बारीक करण्याचा नाद सोडला आणि पाण्याची वाट लांब केली. एका छोट्या नळकांड्याभोवती वेटोळे घातलेल्या मार्गातून पाणी फिरत जाते, कडेला घासून त्याचा जोर मोडतो आणि शेवटी ते बिचारे थकून थेंब होऊन बाहेर पडते. वाट पुरेशी रुंद असल्यामुळे कणही वाहून जातो. घाटातला रस्ता वळणे घेत उतरतो, तसाच हा प्रकार.

थेंबाने पाणी देण्याची कल्पना जगात पहिल्यांदा त्यालाच सुचली, असे मात्र कुणी म्हणू नये. सच्छिद्र मातीच्या नळ्या जमिनीत पुरून पाहण्याचे प्रयोग युरोपात आधीच झाले होते. आपल्याकडे झाडाच्या बुंध्याशी मडके पुरण्याची रीतही जुनीच. ब्लासने तिचे न तुंबणारे, कारखान्यात हजारोंनी निघणारे यंत्र केले.

हे यंत्र बनवायला कुणीतरी हवे होते. १९६५ साली त्याचा करार झाला तो नेगेवमधल्या हात्झेरिम या सामुदायिक वसाहतीशी. योगायोग असा, की १९४६ च्या त्या एका रात्रीत उभ्या राहिलेल्या अकरा वसाहतींपैकीच ही एक. जमीन खारवट, शेतीवर पोट भरणे कठीण, म्हणून तिथले लोक एखादा उद्योग शोधत होते. त्यातून निघालेल्या कंपनीचे नाव नेताफिम. थेंब या अर्थाच्या हिब्रू शब्दावरून ते घेतले. त्याच सुमारास हिब्रू विद्यापीठातल्या संशोधकांनी अरावा खोऱ्यातल्या वाळूवर, मचूळ पाण्यावर ठिबकाचे प्रयोग केले आणि पिके अशी आली की शंका घेणाऱ्यांची तोंडे बंद झाली. ओल सतत टिकते आणि क्षार त्या ओल्या कांद्याच्या कडेला ढकलले जातात, मुळांपाशी साचत नाहीत, हे त्यामागचे कारण.

ब्लास १९८२ साली गेला. आपल्या थेंबातून निघालेली पुढची गोष्ट त्याने कितपत पाहिली असेल, कोण जाणे. मला तर ती मूळ शोधाहून रंजक वाटते. पाणी मोजून देता येऊ लागल्यावर ते मोजून तोडताही येऊ लागले. ऑस्ट्रेलियात व्हिक्टोरिया प्रांतातल्या टाटुरा येथील संशोधन केंद्रात डेव्हिड चामर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून पीच आणि नाशपातीच्या बागांना मुद्दाम कमी पाणी देऊन पाहिले. पण केव्हाही नव्हे. पीचच्या फळाची वाढ मधल्या काळात, आतली कोय कडक होताना, मंदावते. फांद्या मात्र तेव्हा जोरात पळतात. नेमके त्या आठवड्यांत पाणी तोडले तर फांद्यांना लगाम बसतो, फळाचे फारसे बिघडत नाही आणि पुढे पाणी पुरे मिळाले की ते आपली वाढ भरून काढते. पुढे १९९० च्या दशकात ऑस्ट्रेलियातल्याच ॲडलेड परिसरात वाइनच्या द्राक्षांवर आणखी एक गंमत झाली. वेलीच्या एका बाजूची मुळे ओली ठेवायची, दुसरी कोरडी आणि काही दिवसांनी बाजू बदलायची. कोरडी मुळे पानांना धोक्याचा निरोप धाडतात, पाने आपली रंध्रे आखडून घेतात आणि वेल तहानलेली नसूनही काटकसरीने वागते.

आपल्या बागायतदाराला यात फार नवल वाटायचे नाही. त्याच्याकडे यासाठी दोन अक्षरी शब्द पूर्वीपासून आहे, ताण. संत्रा-मोसंबीला ताण दिल्याशिवाय बहार फुटत नाही. डाळिंबाचे तेच. नाशिककडचा द्राक्षवाला एप्रिलच्या खरड छाटणीनंतर काडीत सूक्ष्म घड तयार होण्याच्या दिवसांत पाणी आखडते घेतो आणि मण्यांत पाणी उतरू लागले की पुन्हा हिशेब बदलतो. फरक इतकाच की पूर्वी भारी काळ्या जमिनीत पाटाने पाणी दिल्यावर ताण बसायला दिवसच्या दिवस लागत आणि तो किती बसला हे पाने सुकल्यावरच कळे. ठिबकवर तो चावीने देता येतो. जळगाव, नाशिक, सोलापूर भागांत १९८० च्या दशकात ठिबकाच्या नळ्या पसरू लागल्या, तेव्हा त्या परक्या विद्येला इथे तयार जमीन मिळाली ती अशी.

पण ब्लासच्या थेंबाने आपल्याकडचे पाणी वाचले का? एका झाडापुरते विचाराल तर नक्कीच. गावापुरते विचाराल तर मी गप्प बसेन. वाचलेल्या पाण्यावर बहुतेकांनी आणखी दोन एकर बाग लावली. मावसभावानेही लावली. आधी विहीर होती तिथे बोअर आले, एकाचे तीन झाले. नळी गळत नाही म्हणून माणूस निर्धास्त झाला आणि जमिनीखालची पातळी मात्र उतरत राहिली. २०१३ साली वाळलेल्या कितीतरी बागांत ठिबकाच्या नळ्या अंथरलेल्या होत्याच. नळी पाणी मोजून देते, किती झाडे लावायची ते सांगत नाही.

त्या उन्हाळ्यात आम्ही ठरवले ते असे. नव्या दोन एकरांवर पाणी सोडायचे. ते ठरवायला भावाला आठवडा लागला आणि वहिनी तीन दिवस कुणाशी धड बोलल्या नाहीत. जुन्या बागेतली असतील-नसतील ती फळे तोडून टाकली, फांद्या हलक्या केल्या आणि बुंध्याभोवती उसाचे पाचट अंथरले. तासाला चार लिटर देणाऱ्या दोन तोट्या प्रत्येक झाडाला, दिवसाआड दोन तास. म्हणजे झाडागणिक सोळा लिटर. टँकरचे पाणी गढूळ, तोट्या तुंबायच्या, त्या काढून फुंकर मारून पुन्हा बसवायचे काम पुतण्याकडे होते. पाने वळली, पिवळी पडली, बरीचशी गळून गेली. मी मे महिन्यात गेलो तेव्हा भावाने एका झाडाखालचे पाचट बाजूला केले आणि खुरप्याने माती उकरली. वर बोटभर कोरडी धूळ होती. खाली हात घातला तर गार लागले.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पाऊस आला. जुन्या बागेतली बावीस झाडे गेली, बाकीची फुटली. नव्या दोन एकरांत आता तूर असते.