गोव्याचा वैद्य गार्सिया द ओर्ता

२०२० च्या मे महिन्यात कुवेत पूर्ण बंद होतं. अम्गराच्या गोदामांतलं आमचं कॉम्प्युटरचं काम घरी आलं आणि मोबाईलवर काढ्यांचा पाऊस सुरू झाला. तेव्हा, पणजीच्या चर्चसमोरच्या बागेला ज्याचं नाव आहे, त्या वैद्याबद्दल वाचायला घेतलं.

जन्म साधारण १५०१ चा, पोर्तुगालमधल्या कास्तेलो द व्हीदेचा. आईवडील स्पेनमधून हाकललेले ज्यू, पुढे १४९७ मध्ये सक्तीने ख्रिस्ती झालेले. सालामांका आणि आल्कला इथे वैद्यकी शिकला. युरोपातही तेव्हा वैद्याला नाडीबरोबर ग्रहदशा बघावी लागे! १५३४ साली गोव्याला आला तो कायमचाच. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहावर त्याने उपचार केले, तिथल्या हकिमांशी चर्चा केल्या. पुढे तर मुंबई बेटच खंडाने घेतलं.

१५६३ मध्ये त्याचं पुस्तक गोव्यातच छापलं गेलं. ग्रीक ग्रंथांत काय लिहिलंय यापेक्षा आपण डोळ्यांनी काय पाहिलं, यावर त्याचा भर. कॉलऱ्याचं वर्णन आहे, तेही आपल्या 'मोडशी' या शब्दासकट. गावठी वैद्य रोग्याला मिरी-जिरं घातलेली पेज देत आणि पाय डागत, हे त्याने नोंदवलंय. डागण्या सोडा, पण पेज! कॉलऱ्यात तांदळाच्या पिठाची जलसंजीवनी आज डॉक्टरही देतात.

आणि हाच माणूस बेझोअरवर भाळला. इराणी बकऱ्याच्या पोटात सापडणारा हा खडा होर्मुझमार्गे, म्हणजे आपल्या या आखाताच्या तोंडातून, गोव्यात येई. तो विष उतरवतो, प्लेगपासून वाचवतो, असा समज. युरोपातले श्रीमंत त्याला वाटेल ती किंमत मोजत. गोव्यातले पैसेवाले वर्षातून दोनदा, मार्च आणि सप्टेंबरात, गुलाबपाण्यातून घेत. ओर्ताने त्याची तारीफच केलीय. हे वाचल्यापासून काढे पाठवणाऱ्या मावशींवर चिडणं मी जरा कमी केलं.

पण त्याला खरी भीती रोगाची नव्हती. १५६० मध्ये गोव्यात इन्क्विझिशन आलं. लपून ज्यू धर्म पाळणाऱ्यांचा शोध सुरू झाला. ओर्ता १५६८ मध्ये वारला, म्हणून सुटला. पुढच्याच वर्षी बहीण कातारिनाला जिवंत जाळलं. घरच्यांच्या जबान्यांतून त्याचंही नाव निघालं आणि १५८० मध्ये थडग्यातून त्याची हाडं उकरून जाळण्यात आली.

तोवर त्याच्या पुस्तकाचा लॅटिन संक्षेप युरोपभर पसरला होता.