हजला जातो म्हणून टँजिअर सोडलं, परत आला तोवर आई-वडील दोघंही गेले होते

मोरोक्कोच्या उत्तर टोकाला टँजिअर नावाचं जुनं बंदर आहे. समोर जिब्राल्टरची सामुद्रधुनी, सगळ्यात अरुंद जागी जेमतेम १४ किलोमीटर, आणि पलीकडे स्पेन. इथं विमानानं उतरलात तर विमानतळाचं नाव इब्न बतूता. फुटबॉलच्या स्टेडियमलाही तेच नाव. जुन्या शहरातल्या चिंचोळ्या गल्ल्या चढत गेलं की एक लहानशी कबर लागते, तीही त्याचीच म्हणून दाखवतात.

गंमत अशी की हा माणूस या गावात फारसा राहिलाच नाही.

१३०४ साली काझींच्या घराण्यात त्याचा जन्म झाला. १४ जून १३२५ ला, वयाच्या २१ व्या वर्षी, तो एकटाच हजला निघाला. आई-वडील दोघंही हयात होते. त्या काळी इथून मक्केला जाऊन यायचं म्हणजे वर्ष-दीड वर्षाचं काम.

मक्केला तो पोचला, पण घराकडे वळला नाही. इराक, इराण, पूर्व आफ्रिका, तुर्कस्तान, मध्य आशिया करत थेट दिल्ली! मुहम्मद बिन तुघलकानं त्याला काझी केलं. पगार तगडा, पण सुलतानाची मर्जी कधी फिरेल याचा नेम नाही. पुढं सुलतानानंच त्याला वकील म्हणून चीनला धाडलं आणि त्या वाटेत तो आपल्याकडे आला.

देवगिरीच्या किल्ल्यातल्या अंधारकोठडीत मांजरांनाही भारी पडणारे उंदीर असल्याचं त्यानं नोंदवलंय. नंदुरबारच्या मराठी लोकांबद्दल लिहिताना त्यांच्यातले वैद्य आणि ज्योतिषी, त्यांचं भात-भाजी आणि तिळाच्या तेलाचं जेवण, हे सगळं त्यानं टिपलं. गोव्याला तो सिंदाबूर म्हणतो.

कालिकतला वादळात जहाज फुटलं, चीनच्या बादशहाचे नजराणे बुडाले. आता दिल्लीला कुठल्या तोंडानं जायचं? मग मालदीवला जाऊन काझी झाला.

१३४८ ला परतीच्या वाटेवर दमास्कसमध्ये त्याला कळलं, वडील जाऊन १५ वर्षं झाली. तेव्हा गावोगाव प्लेगनं माणसं मरत होती. १३४९ मध्ये तो मोरोक्कोत शिरला आणि घर थोडक्यावर आलेलं असताना ताझा गावी दुसरी बातमी मिळाली. आई प्लेगमध्ये गेली होती. २४ वर्षांनी तो टँजिअरला आला तो तिच्या कबरीपाशी. तिथंही फार टिकला नाही. आधी स्पेन, मग सहारा ओलांडून माली.

शेवटी सुलतान अबू इनानच्या हुकमावरून त्यानं सगळं इब्न जुझय्य नावाच्या लेखकाला सांगितलं आणि १३५५ ला ग्रंथ पूर्ण झाला. बरंचसं आठवणीतून सांगितलेलं, त्यामुळे चीनच्या भागावर अभ्यासक आजही शंका घेतात. काही वर्णनं तर जुन्या प्रवाशांच्या पुस्तकांतून उचललेली आहेत.

म्हातारपणी तो मोरोक्कोतच एका ठिकाणी काझी होता. टँजिअरची कबर खरंच त्याची का, याचा पक्का पुरावा नाही. लोक तरी येतात, दारातून डोकावतात आणि उतारावरून खाली बंदराकडे जातात. तिथून सुटणारी बोट तासाभरात स्पेनला पोचते.