गाणे कोणाच्या नावावर?

आमच्या नांदेड-लातूरकडे भावाभावांत वाद पेटला की बहुतेक वेळा मुळाशी एकच प्रश्न असतो, सातबाऱ्यावर नाव कोणाचे? राबले सगळे, नाव मात्र एकाचे. फ्रेडी मर्क्युरी आणि त्याच्या ‘क्वीन’ बँडची कथा वाचताना मला राहून राहून हेच आठवते.

फ्रेडी आपल्याला तसा परका नव्हे. फारोख बुलसारा हे त्याचे पारशी नाव. जन्म ५ सप्टेंबर १९४६, झांझिबारचा. जेमतेम आठ वर्षांचा असताना आईवडिलांनी त्याला पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत धाडले. एवढेसे पोर समुद्रापलीकडे ठेवताना त्या माउलीला काय वाटले असेल! पियानोवर त्याचा हात बसला तो पाचगणीतच. मित्रांबरोबर त्याने ‘हेक्टिक्स’ नावाचा बँडही काढला. गंमत अशी, की त्यात मुख्य गायक दुसराच होता. हा आपला पियानोवर. १९६४ मध्ये झांझिबारमध्ये क्रांती झाली आणि कुटुंब इंग्लंडला गेले.

१९७० मध्ये लंडनला ‘क्वीन’ सुरू झाला. गिटारवर ब्रायन मे, ड्रमवर रॉजर टेलर आणि पुढच्या वर्षी आलेला जॉन डीकन बेस गिटारवर. चौघेही शिकलेले, चौघेही गाणी रचणारे. भांडणाचे बी इथेच होते, कारण गाणे ज्याच्या नावावर, रॉयल्टी त्याची.

१९७५ चा ‘अ नाइट अ‍ॅट द ऑपेरा’ हा त्यांचा सर्वांत गाजलेला अल्बम. त्या वेळी नाव झाले होते, पण खिसे रिकामे होते, व्यवस्थापकांशीही बिनसलेले. त्यातले फ्रेडीचे ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ ५ मिनिटे ५५ सेकंदांचे. ब्रिटनमध्ये ते ९ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिले. त्या छोट्या रेकॉर्डच्या मागच्या बाजूला टेलरचे मोटारीवरचे गाणे होते. लोक रेकॉर्ड घेत ती फ्रेडीसाठी. पण मागच्या गाण्यालाही तेवढाच वाटा मिळे. टेलरला भरपूर पैसे मिळाले आणि बाकीच्यांच्या मनात अढी बसली. टेलरचे काही चुकले, असे मला तरी वाटत नाही. पण भाऊबंदकीत चूक-बरोबर कोण बघतो?

१९८२ च्या ‘हॉट स्पेस’च्या वेळी फ्रेडी आणि डीकन नाचाच्या संगीताकडे ओढत होते, तर मे आणि टेलर गिटारकडे. अल्बम फसला, असेच मी म्हणेन.

मग १९८९ चा ‘द मिरॅकल’ आला. एव्हाना फ्रेडीला एड्सने गाठले होते. या अल्बमची सगळी गाणी चौघांच्या सामाईक नावावर लागली. मुखपृष्ठावरही चार चेहरे एकमेकांत मिसळलेले. गाणे कोणाचे हा प्रश्नच उरला नाही, तेव्हा ते चांगले की वाईट एवढेच बोलायचे राहिले.

अखेरच्या महिन्यांत स्वित्झर्लंडमधील माँत्रो येथे फ्रेडी थकलेल्या देहाने गात होता. २४ नोव्हेंबर १९९१ रोजी, वयाच्या ४५ व्या वर्षी तो गेला. पारशी धर्मगुरूंनी अंत्यविधी केले. ‘मदर लव्ह’ या गाण्याचे शेवटचे कडवे त्याच्याकडून गायचे राहून गेले. १९९५ च्या ‘मेड इन हेवन’मध्ये ते ब्रायन मे गायला आहे.