जयपालसिंग मुंडा

आपण मराठीत ‘अनुसूचित जमाती’ म्हणतो, तर शिष्यवृत्तीच्या कन्नड अर्जात ‘परिशिष्ट पंगड’ असते. मराठीत परिशिष्ट म्हणजे पुस्तकाच्या शेवटी जोडलेली पाने! जयपालसिंगांचे चरित्र वाचताना मला हे आठवले.

१९०३ साली खुंटीजवळच्या टकरा गावी एका मुंडा कुटुंबात ते जन्मले. मिशनऱ्यांच्या मदतीने ऑक्सफर्डला शिकले. १९२८ मध्ये अ‍ॅमस्टरडॅमला हॉकीत भारताला पहिले ऑलिंपिक सुवर्णपदक मिळाले, त्या संघाचे ते कर्णधार. या हॉकीपायीच त्यांनी आय.सी.एस. सोडली. आम्ही वाणिज्यवाले याला तोट्याचा सौदा म्हणू!

१९३९ मध्ये ते आदिवासी महासभेचे अध्यक्ष झाले. डिसेंबर १९४६ मध्ये घटना समितीत त्यांनी सुनावले की, आदिवासींना लोकशाही शिकवू नका, ती त्यांच्याकडून शिका. घटनेत ‘आदिवासी’ हाच शब्द हवा, असा त्यांचा आग्रह होता. यादी सरकार करते. मूळचे रहिवासी असणे सरकारच्या हाती नसते. घटनेत राखीव जागा आल्या, पाचवी अनुसूची आली, तो शब्द मात्र आला नाही.

१९६३ मध्ये त्यांनी आपला झारखंड पक्ष काँग्रेसमध्ये विलीन केला. माझ्या मते ही त्यांची चूकच. १९७० मध्ये ते वारले. झारखंड राज्य झाले २००० साली.