विश्लेषण : रुदरफोर्ड यांनी नळीत पकडलेला वायू घरात शिरतो तेव्हा… काय आहे रेडॉन?

शाळेच्या पुस्तकात अर्नेस्ट रुदरफोर्ड यांची ओळख एका प्रयोगापुरती असते. सोन्याचा अतिशय पातळ पत्रा, त्यावर सोडलेले अल्फा कण आणि त्यातून लागलेला अणुकेंद्रकाचा शोध. हे अल्फा कण येत कुठून होते, हे मात्र पुस्तक सांगत नाही. ते येत होते काचेच्या छोट्या नळीत भरलेल्या एका वायूपासून. त्या वायूला आज रेडॉन म्हणतात.

हा वायू दिसत नाही, त्याला वास नाही, चव नाही. तो कारखान्याच्या धुरातून येत नाही, घराखालच्या जमिनीतून येतो. अनेक देशांत धूम्रपानाखालोखाल फुप्फुसाच्या कर्करोगाचे तेच सर्वांत मोठे कारण असल्याचे जागतिक आरोग्य संघटना सांगते. रुदरफोर्ड यांच्या उमेदीची वर्षे या वायूच्या संगतीत गेली. घरातल्या रेडॉनचा धोका समजून घ्यायला जे विज्ञान लागते, त्यातले बरेचसे त्यांनी १९०६ पर्यंत मांडून ठेवले होते. पण त्या धोक्याकडे कुणाचे लक्ष जायला आणखी अर्धे शतक जावे लागले.

न्यूझीलंडहून माँट्रियलला कसे पोहोचले?

रुदरफोर्ड यांचा जन्म ३० ऑगस्ट १८७१ रोजी न्यूझीलंडमधील नेल्सन शहराजवळ झाला. बारा भावंडांत ते चौथे. आई शिक्षिका, तर वडील गाड्यांची चाके बनवणारे कारागीर. इंग्लंडला जाण्यासाठी असलेल्या शिष्यवृत्तीत त्यांचा दुसरा क्रमांक आला होता. पहिल्या आलेल्या उमेदवाराने ती नाकारली, म्हणून १८९५ मध्ये ते केंब्रिजला जे. जे. थॉमसन यांच्या प्रयोगशाळेत पोहोचले. त्याच वर्षी क्ष-किरणांचा आणि पुढच्या वर्षी किरणोत्सर्गाचा शोध लागला. १८९८ मध्ये, वयाच्या २७ व्या वर्षी, कॅनडातील माँट्रियल येथे मॅकगिल विद्यापीठात ते भौतिकशास्त्राचे प्राध्यापक झाले.

दार उघडले की आकडा का घसरायचा?

मॅकगिलमध्ये रॉबर्ट ओवेन्स हे विद्युत अभियांत्रिकीचे प्राध्यापक थोरियमच्या किरणोत्सर्गाची मोजमापे घेत होते. आकडे काही केल्या स्थिर राहत नव्हते. उपकरण बंद ठेवले की आकडा चढायचा, वाऱ्याची झुळूक आली की घसरायचा. वाऱ्यामुळे किरण कमी-जास्त होतात, हे कुणालाही पटणारे नव्हते.

रुदरफोर्ड यांनी या त्रासदायक चुकीचाच पाठपुरावा केला. थोरियमच्या संयुगावरून हवा ओढून ती त्यांनी दुसऱ्या भांड्यात नेली. थोरियम मागेच राहिले, तरी भांड्यातली हवा किरणोत्सर्ग दाखवत होती. म्हणजे थोरियममधून काहीतरी बाहेर पडत होते आणि हवेबरोबर वाहत होते. या ‘काहीतरी’ची ताकद दर मिनिटाला साधारण निम्मी होत होती. १९०० मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केले. आज ज्याला अर्धायुष्य म्हणतात, ती कल्पना इथून रुळली.

थोरियमपासून निघणारा हा वायू म्हणजे रेडॉनचेच एक रूप, थोरॉन. त्याच वर्षी जर्मनीत फ्रेडरिक डॉर्न यांना रेडियममधूनही असा वायू निघताना आढळला. तो जास्त टिकतो, त्याचे अर्धायुष्य ३.८ दिवसांचे. घराच्या दृष्टीने हाच फरक कळीचा आहे. मिनिटभरात निम्मा होणारा वायू जमिनीतून फार दूर जाऊ शकत नाही. चार दिवस हाताशी असले, तर मातीच्या पोकळीतून, फरशीच्या भेगेतून, पाइपाभोवतीच्या फटीतून वर यायला पुरेसा वेळ मिळतो. थंड देशांत घर आतून गरम ठेवतात. गरम हवा वर चढते, तळाशी दाब किंचित कमी होतो आणि घर जमिनीतली हवा अक्षरशः ओढून घेते.

हा वायू सामान्य हवेपेक्षा जड आहे, हे दाखवून दिले ते रुदरफोर्ड आणि त्यांची विद्यार्थिनी हॅरिएट ब्रुक्स यांनी, १९०१ मध्ये. ब्रुक्स यांचे नाव आज फार थोड्यांना माहीत आहे. पुढे न्यूयॉर्कच्या बर्नार्ड कॉलेजात शिकवत असताना त्यांचे लग्न ठरले, तेव्हा विवाहित स्त्रीला नोकरी सोडावी लागेल असे त्यांना सांगण्यात आले. १९३३ मध्ये, वयाच्या ५६ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. रुदरफोर्ड यांच्या सुरुवातीच्या कामातला त्यांचा वाटा मोठा होता, त्यामानाने श्रेय कमीच मिळाले.

रसायनतज्ज्ञ फ्रेडरिक सॉडी यांच्या साथीने रुदरफोर्ड यांनी नंतर हा वायू द्रवरूप हवेच्या थंडाव्यात गोठवला आणि तो कशाशीही रासायनिक क्रिया करत नाही, हे सिद्ध केले. एक मूलद्रव्य आपोआप दुसऱ्यात बदलते, हा निष्कर्ष त्यातूनच पक्का झाला. त्या काळात हे म्हणणे म्हणजे किमयागिरीचा आरोप ओढवून घेणे होते.

वायू निघून गेल्यावर मागे काय उरते?

आरोग्याच्या दृष्टीने रुदरफोर्ड यांचे सर्वांत महत्त्वाचे निरीक्षण हे आहे. थोरियमजवळ ठेवलेली प्रत्येक वस्तू काही काळाने स्वतःच किरणोत्सर्गी होत होती. भांड्याच्या भिंती, कागद, तार, काहीही. हा थर डोळ्यांना दिसत नव्हता, पण सँडपेपरने घासला की निघत होता, आम्लात विरघळत होता. म्हणजे तो खरोखरचा पदार्थ होता. वायू विघटित होऊन त्याचे घन कण पृष्ठभागावर बसत होते.

फुप्फुसात नेमके हेच घडते. रेडॉन निष्क्रिय असल्याने श्वासाबरोबर आत गेलेला बहुतेक वायू तसाच बाहेर पडतो. पण हवेत त्याच्या विघटनातून तयार झालेले पोलोनियम, शिसे, बिस्मथ यांचे अणू धुळीच्या सूक्ष्म कणांना चिकटतात आणि श्वासनलिकांच्या अस्तरावर बसतात. त्यातले पोलोनियम तिथेच अल्फा कण सोडते. अल्फा कण साधा कागदही ओलांडू शकत नाही, त्वचेच्या मृत थरावरच अडतो. फुप्फुसाच्या अस्तरावर मात्र असे संरक्षण नसते आणि पेशींच्या डीएनएला थेट मार बसतो.

घरातल्या हवेचा धागाही तेव्हाच हाती आला होता. १९०१ मध्ये जर्मनीत एल्स्टर आणि गायटेल यांना तळघरातली आणि गुहेतली हवा बाहेरच्या हवेपेक्षा जास्त किरणोत्सर्गी आढळली. रुदरफोर्ड यांच्या प्रयोगशाळेतही माँट्रियलच्या हवेवर असेच प्रयोग झाले. पण तो काळ रेडियमच्या भुरळीचा होता. या वायूला औषध मानून लोक त्याने भारलेले पाणी पीत होते.

तंबाखूचा पैसा आणि पाइपचा धूर

मॅकगिलची ही प्रयोगशाळा उभी राहिली ती विल्यम मॅकडोनाल्ड या तंबाखू उद्योजकाच्या देणगीतून. गंमत म्हणजे मॅकडोनाल्ड यांना धूम्रपानाचा तिटकारा होता आणि रुदरफोर्ड यांच्या तोंडात कायम पाइप. देणगीदार येत असल्याची कुणकुण लागली की खिडक्या उघडून धूर घालवण्याची धांदल उडायची, असा किस्सा सांगितला जातो.

हा किस्सा रेडॉनच्या गोष्टीत अगदी चपखल बसतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते, रेडॉनमुळे असलेला धोका कधीही धूम्रपान न केलेल्यांच्या तुलनेत धूम्रपान करणाऱ्यांना सुमारे २५ पट अधिक असतो. रुदरफोर्ड दोन्हींच्या सान्निध्यात राहिले, तरी त्यांना फुप्फुसाचा कर्करोग झाला नाही. त्यावरून कुणी निर्धास्त होऊ नये. हा शक्यतेचा हिशेब आहे आणि एका माणसाच्या नशिबावरून तो मांडता येत नाही.

धोका कधी कळला?

१९०७ मध्ये रुदरफोर्ड मँचेस्टरला गेले. १९०८ मध्ये त्यांना रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. अतिशय पातळ काचेच्या नळीत रेडॉन भरून, तिच्यातून बाहेर पडणारे अल्फा कण म्हणजे हेलियमच असल्याचे त्यांनी दाखवले. सोन्याच्या पत्र्याचा प्रयोग त्यानंतरचा. त्यांच्यासाठी रेडॉन हे उत्तम हत्यार होते.

जर्मनीतील श्नीबर्ग येथील खाणकामगार फुप्फुसाच्या कर्करोगाने दगावतात, हे १८७९ मध्येच नोंदले गेले होते. त्याचा संबंध खाणीतल्या रेडॉनशी सावकाश जोडला गेला. घरांतील मोजमापे स्वीडनमध्ये १९५० च्या दशकात झाली. पण जगाचे डोळे उघडले ते १९८४ च्या डिसेंबरमध्ये. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातील नव्या अणुवीज केंद्रात एक अभियंता दारातून गेला की किरणोत्सर्गाची घंटा वाजू लागे. केंद्रातून बाहेर पडताना नव्हे, कामावर येतानाही. तो हा किरणोत्सर्ग घरून घेऊन येत होता. त्याच्या घरात दर घनमीटर हवेत साधारण १ लाख बेकरेल रेडॉन आढळला. जागतिक आरोग्य संघटनेने सुचवलेली पातळी १०० बेकरेलची, आणि ती शक्य नसेल तर कमाल ३०० ची. एक बेकरेल म्हणजे सेकंदाला एका अणूचे विघटन. दीर्घकाळच्या सरासरीत दर १०० बेकरेलमागे फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका सुमारे १६ टक्क्यांनी वाढतो.

आपल्याकडे काय?

उघड्या खिडक्या आणि तळघरांचा अभाव यामुळे भारतातल्या बहुतेक घरांत हवा खेळती असते. केरळच्या किनाऱ्यावरील मोनाझाइट वाळूत थोरियम आहे, त्यामुळे तिथे रुदरफोर्ड यांचा मूळचा थोरॉनही मोजावा लागतो. एसीसाठी दिवसरात्र बंद ठेवलेली तळमजल्यावरची खोली मात्र या नैसर्गिक फायद्याला मुकते. अमेरिकेत घर घेणाऱ्या मराठी कुटुंबांची या शब्दाशी गाठ बहुधा घराच्या तपासणीच्या अहवालात पडते. पातळी जास्त निघाली, तर फरशीखाली पाइप टाकून पंख्याने तिथली हवा छपरावर सोडतात. भेगा बुजवणे हा जोडीचा उपाय, एकट्याने तो पुरत नाही.

रुदरफोर्ड यांचे निधन १९ ऑक्टोबर १९३७ रोजी, वयाच्या ६६ व्या वर्षी, हर्नियाची शस्त्रक्रिया लांबल्याने झाले. जानेवारी १९३८ मध्ये कलकत्त्यात होणाऱ्या भारतीय विज्ञान काँग्रेसचे अध्यक्षपद ते भूषवणार होते. ती जबाबदारी जेम्स जीन्स यांनी पार पाडली. रुदरफोर्ड यांच्या अस्थी लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेत न्यूटन यांच्या समाधीजवळ आहेत.

कोळसा हा वायू शोषून घेतो, हे त्यांनी १९०६ मध्येच लिहून ठेवले होते. घरातला रेडॉन मोजण्यासाठी दोन-चार दिवस खोलीत ठेवून प्रयोगशाळेत पाठवायची जी छोटी डबी मिळते, तिच्यात आजही कोळसाच असतो.